कान उघडण्याआधी : बहिऱ्या मुलांचे उपचार आणि शिक्षण यांचा इतिहास

अभ्यासासाठी शास्त्रभाग : मार्क ७:३१-३७; लेवीय १९:१४; लूक १:५७-६४



बारा वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावर मला सहा वर्षांची एक मुलगी भेटली. पाड्यावरचे सगळे तिला ‘मुकी’ म्हणत. तिचे खरे नाव मी विचारले, तेव्हा तिच्या आजीलाही क्षणभर आठवावे लागले. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिचा धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता आणि त्याचा उजवा कान सारखा वाहत असे. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जात. मुले कधी सोबत, तर कधी आजीकडे.

मी दोघांच्या कानांसाठी धावपळ सुरू केली. भावाचा कान पुढे बरा झाला. बहिणीच्या बाबतीत मात्र माझ्याकडून एक चूक झाली आणि ती तीन वर्षे चालू राहिली. ती चूक आपल्यापुढे मांडावी म्हणून हा लेख लिहीत आहे. त्यासाठी आधी थोडा इतिहास पाहू. कारण ही चूक माझ्या आधी विद्वानांनी केली, डॉक्टरांनी केली आणि ख्रिस्ती मंडळीनेही केली.

येशू त्या बहिऱ्याशी कसा बोलला?

मार्काच्या सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला येशूकडे आणतात. आपण हा उतारा चमत्कार म्हणून वाचतो आणि तो चमत्कार आहेच. पण येशूने काय काय केले ते सावकाश वाचा. त्याने त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले. त्याच्या कानांत बोटे घातली. थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श केला. वर आकाशाकडे पाहिले आणि उसासा टाकला. त्यानंतर शब्द उच्चारला.

इतर अनेक ठिकाणी येशू केवळ शब्दाने बरे करतो. मग इथे एवढ्या कृती कशासाठी? मला वाटते, त्या माणसाला शब्द ऐकूच येत नव्हते, म्हणून येशू त्याला दिसेल आणि कळेल अशा रीतीने बोलला. तुझ्या कानांचे काय आहे ते मला ठाऊक आहे, तुझ्या जिभेचे काय आहे तेही ठाऊक आहे आणि साहाय्य वरून येणार आहे, हे त्याने हातांनी, डोळ्यांनी आणि श्वासाने सांगितले. कान उघडण्याआधीच प्रभूने त्याच्याशी संवाद सुरू केला होता.

लूकाच्या पहिल्या अध्यायातही असेच आहे. जखऱ्याची वाचा बंद झाली होती. बाळाचे नाव काय ठेवायचे हे लोकांनी त्याला खुणांनी विचारले आणि त्याने पाटी मागून त्यावर उत्तर लिहिले. खूण आणि लेखन ही दोन्ही साधने पुढे बहिऱ्यांच्या शिक्षणाचा पाया ठरली.

लेवीय १९:१४ मध्ये बहिऱ्याला शिव्याशाप देण्यास मनाई आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या मागे काहीही बोलले तरी त्याला कळणार नाही, असे आपल्याला वाटते. पण देव ऐकत असतो. ‘मुकी’ या हाकेचाही त्या दृष्टीने विचार करावा.

बंद राहिलेले दार

शास्त्रात इतके स्पष्ट असूनही बहिऱ्यांसाठी शिक्षणाचे दार शेकडो वर्षे बंद राहिले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने ज्ञान मिळवण्याच्या कामी श्रवणाला मोठे स्थान दिले, कारण शिकवणे शब्दांतून होते आणि शब्द कानांतून येतात. त्यावरून पुढच्या पिढ्यांनी अर्थ काढला की ज्याला ऐकू येत नाही त्याला शिकवता येत नाही. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने जन्मतः मूकबधिर असलेल्याला मृत्युपत्र करण्याचा हक्क नाकारला. मागाहून बहिरे झालेल्या आणि लिहिता येणाऱ्याला मात्र तो हक्क होता. म्हणजे माणूस आणि हक्क यांच्या मध्ये भाषा उभी होती, हे तेव्हाच दिसून आले होते.

मंडळीत रोम १०:१७ या वचनाचा उपयोग चुकीच्या रीतीने झाला. विश्वास ऐकण्याने होतो असे पौल म्हणतो. त्यावरून काहींनी ठरवले की बहिऱ्याला विश्वास ठेवताच येणार नाही. खुद्द ऑगस्टीनच्या लिखाणात दोन्ही गोष्टी सापडतात. बहिरेपण विश्वासाच्या आड येते असे तो एका ठिकाणी सुचवतो, तर ‘गुरू’ या विषयावरील संवादात, बहिऱ्यांशी हावभावांनी बोलता येते आणि तेही तसेच बोलतात, हे तो मान्य करतो. पुढच्या काळात लोकांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरली. पौलाचा रोख सुवार्ता पोहोचण्यावर आहे. ती कोणत्या अवयवातून पोहोचते यावर नाही. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये प्रभुभोजनावर लिहिताना मुक्या-बहिऱ्यांना त्यापासून दूर ठेवू नये, असे मत दिले.

मठातून आलेला प्रकाश

दार उघडण्याचे पहिले प्रयत्न करणाऱ्यांत मंडळीचेच सेवक होते, याचे मला समाधान वाटते.

इंग्लंडमधील बीड या संन्यासी इतिहासकाराने ७३१ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात बिशप जॉन ऑफ बेव्हर्ली यांची हकिगत आहे. बोलता न येणाऱ्या एका गरीब तरुणाला त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतले. त्याच्या जिभेवर क्रूसाची खूण केली. त्यानंतर त्याला आधी एक लहानसा शब्द, मग एकेक अक्षर, मग जोडलेली अक्षरे आणि शेवटी वाक्ये म्हणायला लावली. त्याच्या डोक्यावर खवडे होते, त्यासाठी वैद्यालाही बोलावले. प्रार्थना, धडा आणि औषध या तिन्ही गोष्टी त्या बिशपांच्या दारात एकत्र होत्या.

सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन हे बेनेडिक्टाइन संन्यासी होते. एका सरदार घराण्यातील बहिरे मुलगे त्यांच्याकडे आले. बोलता-लिहिता न येणाऱ्या मुलाचे वारसाहक्क अडचणीत येत, म्हणून घरच्यांना त्यांची काळजी होती. पोन्से यांनी त्यांना लिहायला, वाचायला आणि बोलायला शिकवले. त्या मठांत मौनाचे नियम असत आणि मौनाच्या वेळी संन्यासी ठरावीक खुणांनी बोलत. हातांनीही बोलता येते, हे त्या मठाला रोजच्या अनुभवाने माहीत होते.

१६२० मध्ये माद्रिदला हुआन पाब्लो बोनेत यांनी मुक्यांना बोलायला शिकवण्याविषयी पुस्तक छापले. त्यात एका हाताच्या बोटांनी दाखवायची मुळाक्षरे चित्रांसह होती. तरी हे सारे शिक्षण अजून श्रीमंतांच्या मुलांपुरतेच होते.

गरिबांसाठी शाळा

हे चित्र पॅरिसमध्ये बदलले. ॲबे शार्ल-मिशेल दे लेपे हे फ्रेंच धर्मसेवक. त्यांची भेट दोन बहिऱ्या बहिणींशी झाली. त्या मुलींना शिकवणारे पाद्री वारले होते आणि त्यांच्या धर्मशिक्षणाची काळजी घेणारे कोणी उरले नव्हते. या दोघी देवाला न ओळखताच मोठ्या होतील, या विचाराने दे लेपे अस्वस्थ झाले आणि त्यांनी स्वतः त्यांना शिकवायला घेतले. १७६० च्या सुमारास त्यांच्या घरातच शाळा सुरू झाली. तिथे गरिबांची मुले फी न देता शिकत.

दे लेपे यांचे मोठेपण कशात होते? मुले आपसांत खुणांनी बोलतात हे त्यांनी पाहिले, त्या खुणा हिणवल्या नाहीत आणि स्वतः शिकून घेतल्या. मग फ्रेंच व्याकरण शिकवण्यासाठी त्यांत आपल्या काही खुणांची भर घातली. आधी शिक्षक मुलांच्या भाषेत गेला, मग मुलांना आपल्या भाषेत घेऊन आला. सुवार्तिकाला हे नवे नाही. पाड्यावर काम करताना आपणही आधी तिथली बोली शिकतो. दे लेपे १७८९ मध्ये वारले आणि १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ती शाळा सरकारी आश्रयाखाली घेतली.

डॉक्टरांना मिळालेला धडा

याच शाळेत कानाच्या वैद्यकाची आणि बहिऱ्यांच्या शिक्षणाची गाठ पडली. १८०० मध्ये ज्याँ इतार नावाचे तरुण डॉक्टर तिथे रुजू झाले. ते कष्टाळू होते आणि आजाराचा शोध घेण्याची त्यांना तळमळ होती. बहिऱ्या मुलांचे कान उघडलेच पाहिजेत या ध्यासाने त्यांनी मुलांवर नाना उपाय केले. कानाला वीज लावली, जळवा लावल्या, चटके दिले, काहींच्या कानाच्या पडद्याला भोक पाडले, घशाकडून कानाकडे जाणाऱ्या नळीत औषधी द्रव सोडले. मुलांनी अपार वेदना सोसल्या. जन्मतः बहिऱ्या मुलांचे बहिरेपण काही गेले नाही. आपल्या या उपायांचा उपयोग झाला नाही, हे इतार यांना शेवटी मान्य करावे लागले. १८२१ मध्ये त्यांनी कानाच्या रोगांवर लिहिलेला ग्रंथ मात्र त्या शास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत गणला जातो.

मुलांना शिकता येत नव्हते असे नाही. ज्या इमारतीत डॉक्टर कानांशी झगडत होते, तिथेच वर्गात तीच मुले खुणांनी व्याकरण, गणित आणि धर्म शिकत होती.

एकोणिसाव्या शतकात कानाचे शास्त्र पुढे गेले. डब्लिनमध्ये विल्यम वाइल्ड, लंडनमध्ये जोसेफ टॉयनबी यांनी कानाच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास केला. टॉयनबी तर कानातल्या आवाजांवर उपाय शोधताना स्वतःवरच औषधाचा प्रयोग करत असता १८६६ मध्ये मरण पावले. इतार यांच्या जागी पॅरिसच्या शाळेत आलेले प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले की एका प्रकारची चक्कर मेंदूमुळे नव्हे, तर कानाच्या आतल्या भागामुळे येते. लंडनमधील गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये छोट्या आरशाच्या साहाय्याने स्वतःचा स्वरयंत्राचा भाग पाहिला आणि घशाची तपासणी सोपी झाली. व्हिएन्नामध्ये १८७३ मध्ये कानाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. ॲडम पोलित्झर त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. पुढे कान, नाक आणि घसा ही तिन्ही कामे एका डॉक्टरकडे आली, कारण हे तिन्ही अवयव आतून जोडलेले आहेत. सर्दी झाली की लेकराचा कान दुखतो, तो त्यामुळेच.

बहिरेपणाचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्यात आवाजाचा रस्ता अडतो : मळ साचतो, पडद्याला भोक पडते, पडद्यामागे पाणी किंवा पू होतो, कानातली तीन छोटी हाडे नीट हलत नाहीत. याला औषध किंवा शस्त्रक्रिया बऱ्याचदा लागू पडते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन वापरात आल्यावर कानामागच्या हाडात पू होऊन मरणाऱ्या मुलांचे प्रमाण फार कमी झाले. १९५० च्या दशकात पडदा बसवण्याच्या शस्त्रक्रियेची पद्धत जर्मनीत नीट बसवली गेली. दुसऱ्या प्रकारात शंखाच्या आकाराचा आतला भाग किंवा ऐकण्याची नसच काम करत नाही. तिथे रस्ता साफ करून काही होत नाही. इतार यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे असेच असणार. आणि ज्यांना ‘मुके’ म्हणतात त्या बहुतेकांचा आवाज शाबूत असतो. शब्द कधी ऐकलाच नाही, म्हणून तो उच्चारता येत नाही, इतकेच.

एक जहाज आणि एक परिषद

अमेरिकेत हार्टफर्ड गावात थॉमस गॅलॉडेट नावाचे तरुण पाळक होते. शेजारच्या डॉक्टरांची मुलगी ॲलिस लहानपणच्या आजारात बहिरी झाली होती. तिच्यासाठी शिक्षणाची रीत शोधायला गॅलॉडेट १८१५ मध्ये युरोपला गेले. पॅरिसच्या शाळेत त्यांना लोराँ क्लेर भेटले. क्लेर स्वतः बहिरे, त्याच शाळेचे विद्यार्थी आणि नंतर तिथलेच शिक्षक. १८१६ मध्ये दोघे जहाजाने अमेरिकेला निघाले. प्रवासात क्लेर यांनी पाळकांना खुणा शिकवल्या आणि पाळकांनी क्लेर यांना इंग्रजी. १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा उघडली. बहिऱ्यांच्या शाळेत बहिरा शिक्षक असला की मुलांना कळते, आपणही असे होऊ शकतो.

पण १८८० मध्ये इटलीत मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. मते देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. खुणांपेक्षा तोंडी बोलणे श्रेष्ठ, म्हणून शाळांत तोंडीच शिकवावे, असा ठराव त्यांनी केला. पुढे कित्येक देशांतल्या शाळांत खुणा बंद झाल्या आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांची वर्षानुवर्षे ओठ वाचण्यात आणि उच्चार घोटण्यात गेली. काहींना ते जमले. ज्यांना जमले नाही, त्यांच्या हाती कोणतीच भाषा पूर्ण आली नाही. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी अभ्यासाने दाखवले की बहिऱ्यांची सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली खरी भाषा आहे. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे त्याच परिषदेच्या अधिवेशनात १८८० च्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. मधे १३० वर्षे गेली.

आपल्या देशात

मुंबईत बहिऱ्यांची शाळा १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने माझगावला सुरू झाली. ती देशातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी एक. १८९३ मध्ये कोलकात्याला शाळा निघाली. दक्षिणेत पाळयंकोट्टै येथे मिशनरी फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांना शिकवायला घेतले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि २०१८ मध्ये तिथून तीन हजार शब्दांचा पहिला शब्दकोश निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

म्हणजे मी त्या मुलीला भेटले तेव्हा शाळा होत्या, भाषा होती, माहितीही होती. फक्त ती माझ्याकडून त्या पाड्यावर पोहोचली नाही.

माझी चूक

मी काय केले ते सांगते. मुलीला आधी आरोग्य केंद्रात नेले, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. एका शिबिरात कानाचे मशीन मिळाले. महिन्याभरात बॅटरी संपली, दुसरी कुठे मिळते ते घरच्यांना माहीत नव्हते, आणि मशीन फडताळात गेले. मग आणखी एक तपासणी. आतली नसच काम करत नाही आणि शस्त्रक्रियेचे वय निघून गेले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. मला ते पटेना. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. मंडळीने उपास-प्रार्थना केली. मी मनापासून प्रार्थना केली, आजही करते आणि देव कान उघडू शकतो यावर माझा विश्वास आहे. पण या तीन वर्षांत आम्ही कोणी तिला एक शब्दही शिकवला नाही. आधी कान बरा होऊ दे, मग शाळेचे पाहू, असे मी तिच्या आईला सांगत राहिले.

ती नऊ वर्षांची झाल्यावर मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत नेले. तिथल्या सरांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “ताई, तुम्ही तिचे कान घेऊन इतक्या ठिकाणी फिरलात. तिला घेऊन एकदा आधी यायचं होतं.”

मला उत्तर देता आले नाही. माझ्याजवळ ईश्वरविज्ञानाची पदविका होती, मार्काचा सातवा अध्याय मी कितीदा शिकवला होता आणि येशू त्या माणसाशी आधी खुणांनी बोलला, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

शाळेत गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी भेटायला गेले. तिने पाटीवर तीन अक्षरे लिहिली, स्वतःकडे बोट दाखवले आणि परत त्या अक्षरांकडे दाखवले. ते तिचे नाव होते. आपल्याला नाव आहे, हे तिला नवव्या वर्षी कळले. आई सोबत होती. ती पाटीकडे बघत म्हणाली, “ताई, हिला समजतं सगळं. आम्हीच बोललो नाही हिच्याशी.”

आज ती अठरा वर्षांची आहे आणि आठवीत शिकते. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान भाऊ नववीत आहे. त्याच्या कानाला वेळेवर औषध मिळाले आणि दहाव्या वर्षी पडदा बसवला. त्याला आज दोन्ही कानांनी ऐकू येते. ती गणितात त्याच्यापुढे आहे. भाषेचे पेपर तिला अजून जड जातात. तिच्यात बुद्धी कमी आहे म्हणून नव्हे. मेंदू भाषा शिकायला सर्वांत तयार असतो ती पहिली वर्षे कोरी गेली आणि ती पूर्णपणे भरून येत नाहीत. त्यांतली सहा वर्षे अज्ञानात गेली. तीन माझ्यामुळे गेली.

भावाला कानाचा उपचार हवा होता. बहिणीला भाषा हवी होती. मी दोघांना एकच गोष्ट देत राहिले.

उपचार आणि भाषा, दोन्ही एकाच वेळी

याचा अर्थ उपचार करू नयेत असा नाही. आज वैद्यकाकडे इतार यांच्या काळी नव्हती अशी साधने आहेत. नवजात बाळाचे श्रवण काही मिनिटांत तपासता येते. चांगली श्रवणयंत्रे आहेत. ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारे कॉक्लिअर इम्प्लांट आहे. त्याच्या अग्रणी संशोधकांपैकी एक, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क, यांच्या वडिलांनाच कमी ऐकू येत असे. १९७८ मध्ये क्लार्क यांनी मेलबर्नला पहिले रोपण केले. लहान वयात रोपण झाले आणि पुढे नियमित वाचा-प्रशिक्षण मिळाले, तर पुष्कळ मुले बोलायला शिकतात. पण यासाठी वेळ लागतो, प्रवास लागतो, आणि नुसत्या शस्त्रक्रियेने भाषा येत नाही. तोपर्यंत लेकराला डोळ्यांनी दिसणारी भाषा द्यायला काहीच हरकत नाही. तज्ज्ञांचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : पहिल्या महिन्यात श्रवण तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार व शिक्षणाची सुरुवात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. म्हणून आपल्या क्षेत्रातील मंडळ्यांना मी पुढील गोष्टी सुचवते.

१. बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे मान वळवत नसेल, किंवा दीड-दोन वर्षांचे होऊनही शब्द बोलत नसेल, तर ‘उशिरा बोलेल, बापही उशिरा बोलला होता’ असे म्हणून थांबू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांच्याकडून मोफत तपासणी करून घ्या.

२. वाहत्या कानात तेल, पाल्याचा रस किंवा दूध घालू नका. स्वच्छ मऊ कापडाने कान कोरडा ठेवा, पाणी जाऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. कान वाहणे हे ‘लहान मुलांचे असतेच’ म्हणून सोडून देऊ नका. बाळाला आडवे ठेवून बाटलीने पाजू नका आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवा.

३. गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. गरोदरपणी रुबेला झाल्यास बाळ बहिरे जन्मू शकते. क्षयरोगाची काही इंजेक्शने कानाला अपाय करू शकतात. इंजेक्शने चालू असताना कानात आवाज येऊ लागला किंवा कमी ऐकू येऊ लागले, तर लगेच डॉक्टरांना सांगा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

४. मूल बहिरे आहे असे कळल्याच्या दिवसापासून त्याच्याशी बोला : चेहऱ्याने, हातांनी, वस्तू दाखवून. आई, पाणी, भाकर, ये, जा, झोप यांच्या खुणा ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच वापरा. त्याच वेळी जवळच्या कर्णबधिर शाळेशी संपर्क करा. निदान पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

५. घरच्यांना पापाची शिक्षा, करणी किंवा कमी विश्वास असे काहीही सुचवू नका. योहान ९:२-३ मध्ये शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि येशूने तो नाकारला.

६. मंडळीत बहिरी व्यक्ती असेल तर तिला पुढे, उजेडात बसवा. तिच्याकडे तोंड करून बोला. वचनाचा सारांश लिहून द्या. दोघा-तिघा तरुणांनी सांकेतिक भाषा शिकायला घ्यावी.

७. तिला नावाने ओळखा.

आपण पाठवलेल्या देणग्यांतून गेल्या काही वर्षांत आम्ही मुलांच्या प्रवासाचा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांचा आणि पालकांना शाळेत भेटायला नेण्याचा खर्च करू शकलो. बॅटरीचे काम लहान वाटते. पण तिच्यावाचून मशीन फडताळात जाते, हे मी पाहिले आहे. आता आम्ही कोणत्याही मुलाची कानाची तपासणी ठरवतो, तेव्हा त्याच आठवड्यात शाळेलाही भेट देतो. दोन्ही कामे एकाच वहीत, एकाच पानावर लिहितो.

गेल्या नाताळात ती मुलगी सुट्टीला घरी आली होती. उपासनेनंतर तिने लहान मुलांना गोळा केले आणि मेंढपाळांची गोष्ट खुणांनी सांगितली. मुले खिदळत होती, पण बघत होती. तिच्या आईला पन्नासेक खुणा येतात. मधेच एका ठिकाणी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आता ती म्हणते, भिऊ नका.” तिने बरोबर ओळखले होते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. मार्क ७:३१-३७ मध्ये येशूने केलेल्या कृती क्रमाने लिहा. प्रत्येक कृतीतून त्या बहिऱ्या माणसाला काय कळले असेल?

२. बरे होण्यासाठी प्रार्थना करताना आपण त्या व्यक्तीची आजची कोणती गरज विसरतो?

३. आपल्या पाड्यावर किंवा गावात ‘मुका’, ‘मुकी’, ‘बहिरा’ अशी हाक कोणाला मारली जाते? त्यांचे खरे नाव आपल्याला माहीत आहे काय?

प्रार्थनेचे विषय

आपल्या क्षेत्रातील बहिऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. कर्णबधिर शाळांमधील शिक्षकांसाठी. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि आशाताई यांच्यासाठी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील, तपासणीविना राहिलेल्या लेकरांसाठी. आणि त्यांच्याशी बोलण्याची इच्छा देवाने आपल्याला द्यावी म्हणून प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण.